तीन धंदे, एक गळा

नोकरीचा कंटाळा आलाय? आवाज बरा आहे असं चार लोक म्हणतात? आणि शाळेत इतिहासाचं पुस्तक तुम्ही चक्क वाचलं होतंत? मग थांबलायत कशाला, फ्रीलान्सर व्हा, आणि नुसते निवेदक नाही, निवेदक, व्हॉइसओव्हर आर्टिस्ट आणि इतिहास संशोधक असे तिन्ही एकदम व्हा. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी असतो म्हणतात, तुम्ही तिसरं घर पण बघून ठेवा, उपाशी राहण्यात तेवढीच व्हरायटी.

स्टुडिओचं टेन्शन घेऊ नका. कपड्यांचं कपाट उघडायचं, कोटांमध्ये माइक आणि तोंड दोन्ही खुपसायचं. नॉइज फ्लोअर, म्हणजे तुम्ही गप्प असताना माइकमध्ये येणारी खरखर-घरघर, मायनस 60 डेसिबलच्या खाली मागतात, म्हणून पंखा बंद, फ्रीज बंद, घरातली माणसं पण बंद. (फ्रीजमध्ये घराच्या किल्ल्या ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तो परत चालू करायचं आठवतं. या अख्ख्या लेखात खरा उपयोगी सल्ला हा एवढाच.) ऑडिओबुकचे पैसे तयार झालेल्या तासावर मिळतात, त्या एका तासासाठी वाचण्यात, चुकण्यात, परत वाचण्यात आणि ओठांची चुटचुट कापण्यात तुमचे चार-पाच तास गेले तर ती तुमची हौस.

आता मेन मुद्दा, 'बहुधा' या शब्दाचा. तो आजपासून सोडा.

म्हणजे बघा, स्क्रिप्ट येते, त्यात नेपोलियन 'बुटका सेनानी' असतो. तुमच्यातला संशोधक लगेच उठून सांगायला लागतो की अहो ते 5 फूट 2 इंच जुन्या फ्रेंच मापातले, आपल्या हिशोबाने 168 सेंटीमीटरच्या आसपास, त्या काळी अगदी साधारण उंची, बुटका केला तो ब्रिटिश व्यंगचित्रकारांनी. तुम्ही अदबीने मेल टाकता, दोन संदर्भ जोडता. उत्तर येतं, "मस्त माहिती! पण व्हिज्युअल लॉक झालेत, तेवढं आहे तसंच वाचा ना, आणि 'बुटका'वर जरा जोर द्या." मग तुम्ही द्यायचा जोर. गळा भाड्याने दिलाय, पदवी नाही.

शो तुमचा स्वतःचा असला तरी सुटका नाही हं. चार दिवस कागद चाळून तुम्ही लिहिता 'उपलब्ध नोंदींवरून असं दिसतं की बहुधा', आणि प्रोड्युसर सांगतो 30 सेकंद आहेत, 'बहुधा' काढा, 'दिसतं' काढा, उरलं ते ठासून बोला.

खऱ्या संशोधकांच्या नादी तर लागूच नका. स्कॉट द मार्टिनव्हिल नावाच्या माणसाने 1860 मध्ये काजळी धरलेल्या कागदावर आवाजाच्या रेघा उमटवल्या होत्या, त्या 2008 मध्ये संशोधकांनी कॉम्प्युटरवर वाजवल्या तेव्हा वाटलं कुणी बाई नाहीतर लहान मुलगी गातेय, जगभर बातमी झाली, आणि पुढच्याच वर्षी त्याच लोकांनी सांगितलं की सॉरी, स्पीड दुप्पट झाला होता, गाणारा पुरुष आहे, बहुधा स्कॉट स्वतःच. बघा, परत 'बहुधा'! इतकी गाजलेली बातमी कोणी आपल्या हाताने मागे घेतं का? असल्या माणसांना प्राइम टाइम कोण देणार.

काँट्रॅक्ट मात्र वाचत बसू नका, आवाज 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, आत्ता अस्तित्वात असलेल्या आणि पुढे येणाऱ्या' वापरायची परवानगी तुम्ही देऊन टाकलेली असते, उगाच झोप उडेल.

हे सगळं नीट पाळलंत तर काही वर्षांनी तुम्हाला एखाद्या नव्या डॉक्युमेंटरीचं रिसर्चचं काम येईल, तुम्ही नेपोलियनच्या उंचीची तळटीप तपासायला घ्याल, तिच्यातून दुसरा लेख, त्यातून तिसरा, असं उकरत उकरत शेवटी एका ऑडिओ क्लिपपाशी पोचाल आणि प्ले दाबाल. 'बुटका'वर काय सुंदर जोर दिलाय!