प्रतिक्रियेला उत्तर : मर्फी नुसता मालिशवाला?

नमस्कार. शंभरेक वर्षांपूर्वीचा अमेरिकन ॲथलेटिक्स ट्रेनर माइक मर्फी, त्याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच सुनावलंत. तो नुसता मालिशवाला होता, पदकं त्याच्या हाताखालच्या पोरांनी मिळवली, शर्यतीत वाकून सुटण्याच्या पद्धतीचा म्हणजे क्राउच स्टार्टचा शोध मी उगाच त्याच्या नावावर खपवला, आणि मुळात हा अमेरिकन मराठीत कशाला?

क्राउच स्टार्टचं आधी, कारण तिथे चूक माझी. 1888 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा चार्ल्स शेरिल जमिनीला हात टेकून, वाकून शर्यतीत सुटला आणि त्याचा ट्रेनर मर्फी होता, इतकंच. स्कॉटलंड-ऑस्ट्रेलियाकडचे लोक आपापले दावेदार पुढे करतात. 'शोधून काढला' हे शब्द मागे घेतो. लेखात दुरुस्ती केली आहे.

मालिश तो करायचाच. त्या काळी कॉलेजं ट्रेनर ठेवत तो एकच माणूस. खाणंपिणं, झोप, मुरगळलेला पाय, सराव, सगळं त्याच्याच गळ्यात. आपल्या तालमीतला वस्ताद डावही शिकवतो, खुराकही ठरवतो आणि वेळ पडली तर निखळलेलं हाडही बसवतो. त्याला कुणी नुसता मालिशवाला म्हणत नाही! आणि 1908 व 1912 ला अमेरिकेने आपला ऑलिंपिक ॲथलेटिक्स संघ ह्याच मालिशवाल्याच्या हाती दिला, तोही त्याला ऐकायला फार कमी येत असताना.

पोरांचं म्हणाल तर तुमचा मुद्दा बिनतोड नाही, पण वजनदार आहे. मर्फी तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ट्रेनर होता, आणि ॲथलीट क्रेन्झलाइन तिथे आला तो विस्कॉन्सिनमध्ये नाव काढूनच. पण 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकचे निकाल बघा : क्रेन्झलाइन चार शर्यती-स्पर्धांत पहिला, ट्यूक्सबरी दोन, बॅक्स्टर दोन, ऑर्टन एक. चौघंही पेनसिल्व्हेनियाचे. ऑर्टन तिथे मर्फीच्या आधीपासून होता, त्याला हवं तर वगळा. तरी आठ उरतात. एवढी गुणवान माणसं एकाच मैदानावर आपोआप जमली, हे मला तरी पटत नाही.

राहिलं मराठीत कशाला. कलकत्त्याचा नॉर्मन प्रिचर्ड त्याच पॅरिसमध्ये दोनदा दुसरा आला : 200 मीटरमध्ये ट्यूक्सबरीच्या मागे, 200 मीटर हर्डल्समध्ये क्रेन्झलाइनच्या. प्रिचर्डच्या त्या दोन पदकांचं आपण आजही कौतुक करतो. त्याच्या पुढे धावणारे ते दोघं मर्फीच्या हाताखालचे होते. आणि गंमत म्हणजे, दोघंही दंतवैद्यक शिकलेले.