यात्रेची बैठक आणि ‘तुम्ही ठरवाल तसं’

बेळगावकडच्या गावांत महालक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी येते. आली की आधी कितीतरी महिने देवळात बैठका सुरू होतात. घरटी पट्टी किती, रथ नवा करायचा की जुनाच दुरुस्त करायचा, पै-पाहुण्यांच्या पाण्याचं काय. बैठकीला माणसं भरपूर येतात. पण मोठे पंच सुरुवातीलाच आकडा सांगून टाकतात, त्यावर कोणीतरी "बरोबर हाय अण्णा" म्हणतं, आणि पुढचा तासभर तेच वेगवेगळ्या तोंडांनी ऐकायचं. माझं सरळ मत आहे: ज्याचं वजन जास्त, त्यानं शेवटी बोलावं.

सोलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञानं 1950च्या दशकात साध्या रेघांवर प्रयोग केले. समोरच्या तीन रेघांपैकी नमुन्याएवढी कुठली, एवढंच सांगायचं. आधी बोलणारे सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या सहभागी माणसांची जवळपास एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे गेली. एकानं जरी बरोबर सांगितलं, तरी हे प्रमाण झपकन उतरायचं. तिथं ना भाऊबंदकी होती ना सोयरिक. आपल्या देवळात तर समोर चुलता बसलेला असतो आणि शेजारी होणारा व्याही!

पण दबावापेक्षाही मला दुसरी गोष्ट जास्त नडते. 1985 मध्ये स्टॅसर आणि टायटस या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या गटांना तीन काल्पनिक उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. सगळ्यात चांगल्या उमेदवाराचे गुण वाटून दिले होते, थोडे याच्याकडे, थोडे त्याच्याकडे. एकत्र बोलले असते तर चित्र पुरं झालं असतं. पण जे सगळ्यांना आधीच माहीत होतं त्यावरच बोलणं झालं आणि बहुतेक गटांनी चुकीचा माणूस निवडला.

यात्रेच्या बैठकीत हेच होतं. उन्हाळ्यात कुठल्या विहिरीचा झरा आटतो हे पाणी भरणाऱ्या बाईला ठाऊक. यंदा कुणाच्या उसाचं बिल अजून आलेलं नाही हे शेजाऱ्याला ठाऊक. वर्गणी आणि टँकर यांचा हिशोब या दोन गोष्टींवर फिरतो, आणि त्या दोघांना कोणी विचारतच नाही. बायका तर खांबाच्या पलीकडं. विचारलंच तर "तुम्ही ठरवाल तसं."

पंचायतीच्या सभेत आणखी एक अडचण. कर्नाटकात ग्रामसभेच्या खाली वॉर्डसभाही आहे, म्हणजे बोलायला जागा आहे. पण नोटीस कन्नडमध्ये, पीडीओ साहेब, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, वाचतात तेही कन्नडमध्ये. मागच्या रांगेतल्या म्हातारीला नातू कानात सांगेपर्यंत विषय मंजूर! यात राजकारण आणू नका. ज्याला विषयच कळला नाही तो मत काय देणार?

सगळंच बैठकीत ठरवा असंही मी म्हणत नाही. मांडवाच्या कापडाचा रंग एकानं ठरवावा आणि मोकळं व्हावं. कधी कधी आधी बसून ठरवणंही चांगलं असतं. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. कायदेमंडळात जाण्यावरून भांडणाऱ्या दोन बाजूंची तडजोड त्याआधीच कलकत्त्यात झाली होती, बेळगावात तिला मान्यता मिळाली. पण ती तडजोड भांडणाऱ्यांनीच एकमेकांसमोर बसून केली होती. आपल्याकडं आधी बसतात ते एकाच बाजूचे चौघे.

आमच्या गल्लीत पंचांना एवढंच म्हटलंय की पट्टीचा आकडा सांगण्याआधी प्रत्येक घरातून चिठ्ठी घ्या, लिहिता येत नसेल त्याची पोरानं लिहावी, आणि वाचताना नाव वाचू नका. कोषाध्यक्ष तयार आहेत. मोठे पंच म्हणतात, "चिठ्ठ्याच वाचायच्या तर मी कशाला?" रविवारी रात्री जेवणं झाल्यावर बैठक आहे, गल्लीतल्यांनी या. बायकांसाठी सतरंजी यंदा खांबाच्या अलीकडं घालणार आहोत.