‘पंखावरच्या रेषा बुजवणं म्हणजे आळस झाकणं’ : मस्टँगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पी-51 डी मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लढाऊ विमानाचं 1/48 मापाचं (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) प्लास्टिकचं किट मी जोडलं. त्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी ती जशीच्या तशी देतो: ‘किट बरं जमलंय, पण पंखांवरच्या पॅनेल लाइन बुजवून टाकणं म्हणजे निव्वळ आळस झाकणं. पंख आणि धड दोन वेगळ्या विमानांचे वाटतात. पायलट आत बसलाय आणि फ्लॅप खाली लोंबताहेत. पांढरे-काळे पट्टेही वाकडे. दुसऱ्यांना शिकवायला निघण्याआधी स्वतः थोडा अभ्यास करावा.’ खाली नाव नाही. (नवख्यांसाठी: पॅनेल लाइन म्हणजे विमानाच्या पत्र्यांच्या जोडांच्या रेषा, किटच्या प्लास्टिकवर त्या खाचा म्हणून येतात. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळणारे भाग.)

मला टीका चालते. प्रॉपेलरच्या टोकाची पिवळी पट्टी किती रुंद असावी, कॉकपिटचा हिरवा नेमका कोणता, यांवर इथे लांबलचक वाद झालेत आणि मी त्यांत आवडीने उतरलोय. कित्येकदा समोरच्याचं ऐकूनही घेतलंय. पण त्या सगळ्या वादांत कोणी कोणाला आळशी म्हटलं नव्हतं. ‘रेषा का बुजवल्या?’ एवढं विचारलं असतंत तर दोन परिच्छेदांत उत्तर देऊन मोकळा झालो असतो, आणि तुम्हालाही बरं वाटलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, निकालच दिलात. वर अभ्यास करायला सांगितलंत. अनोळखी माणसाला असं बोलायची रीत मला तरी कोणी शिकवलेली नाही.

पट्टे आणि फ्लॅप यांच्याकडे नंतर येतो. आधी तो ‘आळस’.

मस्टँगचा सगळा जीव पंखात आहे. नॉर्थ अमेरिकन कंपनीत एडगर श्मूड यांच्या हाताखाली हे विमान ब्रिटिशांच्या मागणीवरून आखलं गेलं आणि पहिला नमुना 26 ऑक्टोबर 1940 रोजी उडाला. त्या काळच्या बहुतेक लढाऊ विमानांच्या पंखाची सगळ्यात जाड जागा पुढच्या धारेपासून फार लांब नसायची. मस्टँगमध्ये ती बरीच मागे नेली. हेतू असा की पंखाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर शक्य तितक्या लांबपर्यंत न विसकटता सरकावा आणि विमानाला होणारा हवेचा विरोध कमी व्हावा. याला लॅमिनार फ्लो पंख म्हणतात, हे तुम्हाला माहीत असेलच. आता अशा पंखाच्या पुढच्या भागात पत्र्यांचे उघडे जोड आणि रिव्हेटांच्या ओळी ठेवल्या तर काय होईल? तो थर पहिल्याच जोडाशी विसकटेल आणि पंखाला दिलेला तो आकार फुकट जाईल. म्हणून कारखान्यात धारेपासून साधारण 40 टक्के रुंदीपर्यंतचे जोड आणि रिव्हेट पुट्टीने भरत, त्यावर प्रायमर मारत, घोटून गुळगुळीत करत आणि मग पूर्ण पंखावर चंदेरी लॅकर फवारत. धडाला यातलं काही नव्हतं. 1944 पासून अमेरिकेने लढाऊ विमानांना हिरवा-करडा रंग देणं जवळपास थांबवलं, त्यामुळे धड उघड्या ॲल्युमिनियमचंच राहिलं.

म्हणजे ‘पंख आणि धड दोन वेगळ्या विमानांचे वाटतात’ हे तुमचं वाक्य माझ्या कामाबद्दलची तक्रार होऊच शकत नाही. ते विमान तसंच होतं. धडावर पत्र्याची चकाकी, त्यातही प्रत्येक पत्र्याचा कस थोडा वेगळा. पंखावर रंगाचा मंद, एकसारखा चंदेरी. आणि शेपटीच्या सुकाणूवर तिसरीच छटा, कारण तिथे पत्रा नसून कापड ताणलेलं होतं. तिन्ही चंदेरी वेगवेगळे दिसावेत म्हणून मी तीन वेगळे रंग वापरले. धडाखाली आधी चकचकीत काळा थर दिला, कारण ॲल्युमिनियमचं लॅकर काळ्यावरच धातूसारखं उजळतं. पंखाखाली साधं राखाडी प्रायमर. हे मूळ लेखात लिहिलेलं आहे. तुम्ही फोटो पाहून थांबला असाल तर तसं सांगा.

पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाला लढाऊ विमानात काय किंमत होती, याचं दुसरं उदाहरण स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं आहे आणि ते मला फार आवडतं. सगळीकडे सपाट रिव्हेट लावायला वेळ आणि पैसा जास्त लागतो, तेव्हा घुमटासारख्या डोक्याचे रिव्हेट कुठे चालतील हे शोधायचं होतं. त्यासाठी सपाट रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळीचे दाणे गोंदाने चिकटवले, विमान उडवलं, वेग मोजला. मग भागाभागाने दाणे काढत पुन्हा उडवलं. सगळीकडे दाणे असताना वेग ताशी 22 मैलांपर्यंत घटला होता. पंखावर सपाट रिव्हेट हवेतच, धडाच्या मागच्या भागात मात्र घुमटाचे चालतील, हे त्यातून ठरलं. एका दाण्याएवढ्या उंचवट्याचा हा परिणाम. आणि आपण एका विमानाच्या पंखावर, जिथे मुद्दाम पुट्टी भरली होती तिथे, किटवाल्याने रेष दिली म्हणून ती काळ्या वॉशने, म्हणजे खाचेत उतरणाऱ्या पातळ रंगाने, भरून ठसठशीत करायची?

रेषेचं मापही बघा. किटवरची खाच 0.2 मिलिमीटर रुंद धरली तर 1/48 मध्ये ती खऱ्या विमानावर साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास जाते. लहान मुलाची करंगळी शिरेल एवढी फट, तीही जगातल्या सगळ्यात गुळगुळीत पंखांपैकी एकावर! पॅनेल लाइन ही खूप ठिकाणी आवश्यक असते, मी तिच्या विरोधात नाही. याच मस्टँगच्या इंजिनाच्या झाकणांवर मी रेषा नीट उठवल्यात, कारण तिथे त्या होत्या. पंखावरही बंदुकांच्या कप्प्यांची आणि गोळ्यांच्या पट्ट्यांची झाकणं, इंधनाच्या टाकीची टोपी, फ्लॅप आणि एलेरॉनच्या (पंखाच्या टोकाकडच्या, विमान कलतं करणाऱ्या हलत्या भागांच्या) फटी, हे सगळं ठेवलंय. एका पंखात तीन, अशा एकूण सहा ब्राउनिंग बंदुका होत्या, पॉइंट फिफ्टी म्हणजे अर्ध्या इंचाच्या मापाच्या; त्या भरायला झाकणं रोज उघडत, तिथे पुट्टी कोण भरेल?

आता ‘आळस’ या शब्दाकडे. रेषा तशाच ठेवणं सोपं असतं. किट उघडा, चिकटवा, रंगवा, वॉश ओढा, पुसा, झालं. बुजवायला जे करावं लागतं ते असं. खाचेत सुपरग्लू बारीक सुईने सोडायचा, तोही पूर्ण कडक व्हायच्या आत घोटायला घ्यायचा. उशीर झाला तर तो प्लास्टिकपेक्षा टणक होतो आणि मग आजूबाजूचं प्लास्टिक झिजतं, रेषेच्या जागी उंचवटा राहतो. 400 नंबरच्या सँडपेपरने सुरुवात, मग 600, 800, 1000, पाणी लावून. मग राखाडी प्रायमर. प्रायमर मारला की जे जमलं असं वाटत होतं ते सगळं खोटं ठरतं, रेषा भुतासारख्या परत वर येतात. पुन्हा भरणं, पुन्हा घोटणं. त्यात पंखाचा आकार बदलता कामा नये, धार बोथट होता कामा नये. ठेवायची ती झाकणं घोटण्यात पुसट होतात, म्हणून ती टेपच्या कडेने पुन्हा कोरायची. हे एका पंखाचं वरचं अंग झालं. दोन्ही पंख वर-खाली मिळून अशी चार अंगं असतात.

माझे वडील गाड्यांच्या रंगकामात होते. शाळेत असल्यापासून मी त्यांच्या हाताखाली पत्रा घोटलाय. ते घोटलेल्या जागेकडे बघायचे नाहीत, डोळे मिटून तळहात फिरवायचे आणि ‘अजून’ म्हणायचे. डोळ्यांना न दिसणारी लहर हाताला लागते, हे मी तिथे शिकलो. पुढे किट जोडायला लागलो तेव्हा माझ्याकडे एअरब्रश नव्हता, कंप्रेसर नव्हता, मास्किंग टेपही रंगाच्या दुकानातली जाड. पण घोटणं येत होतं. आजही माझ्या कामात काही चांगलं असेल तर ते तेच आहे. तेव्हा माझ्या रंगाला नावं ठेवा, डिकलला, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील खुणांना, ठेवा, माझ्या लिहिण्याला ठेवा. घोटलेल्या पंखाला आळस म्हणू नका. ते मला लागतं आणि लागलंय.

कोणी म्हणेल की ही सगळी कारखान्यातली गोष्ट झाली, युद्धभूमीवर पुट्टी आणि रंग किती दिवस टिकणार? हा प्रश्न रास्त आहे आणि तुम्ही तो विचारला असतात तर मी तुमचा आदर केला असता. पाय पडत होते, बंदूकवाले पंखावर गुडघे टेकून काम करत होते, धूळ आणि चिरडलेले किडे चिकटत होते. प्रत्यक्ष उड्डाणात हवेचा थर कागदावर आखला होता तितका लांबपर्यंत नीट राहत नव्हता, हेही खरं. म्हणूनच पायलट ज्या बाजूने चढायचा तिथे, डाव्या पंखाच्या मुळाशी, मी चंदेरी रंग खरवडून खालचा थर दाखवलाय. पण झिजलेली पुट्टी म्हणजे शाईने आखल्यासारखी सरळ, अखंड, सगळीकडे सारख्या जाडीची रेषा नव्हे. झीज दाखवायची तर झिजेसारखी दाखवावी.

एक गोष्ट मान्य करतो. लेखातला तिसरा फोटो, पंखाच्या खालच्या बाजूचा, ट्यूबलाइटखाली काढलेला आहे आणि त्यात पंख चंदेरी न दिसता सिमेंटसारखा दिसतो. तो फोटो बदलतोय.

आता उरलेलं. फ्लॅप: इंजिन बंद झाल्यावर मस्टँगच्या हायड्रॉलिकचा दाब हळूहळू उतरतो आणि फ्लॅप खाली येतात, उभ्या विमानांच्या फोटोंत ते दिसतं. पायलट इंजिन सुरू व्हायच्या आधी आत बसतो, सुरू झाल्यावर उडी मारून नाही. झालं समाधान?

पट्टे: ते दोस्तांची विमानं ओळखू यावीत म्हणून होते. जून 1944 मध्ये दोस्तांचं सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं त्याच्या ऐन आधी, गुप्तता राहावी म्हणून शेवटच्या घटकेला, जमिनीवरच्या लोकांनी ते रंगवले, पुष्कळ ठिकाणी साध्या ब्रशने. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा 18 इंचांचा, म्हणजे माझ्या मापात साडेनऊ मिलिमीटर. तितका तो आहे, मोजून बघा. कडा मी मुद्दाम किंचित हलत्या ठेवल्या. डिकलचे काटेकोर पट्टे किटमध्ये होते, ते डब्यातच आहेत. यावर याहून जास्त बोलायची गरज मला वाटत नाही.

‘किट बरं जमलंय’ याबद्दल आभार, जरी त्याच्या पाठोपाठ ‘पण’ आला.

आणि शिकवण्याबद्दल. मी कोणाला शिकवायला निघालेलो नाही. जे केलं ते कसं केलं हे लिहून ठेवतो, कारण मी सुरुवात केली तेव्हा आपल्या भाषेत असं काही वाचायला मिळत नव्हतं आणि सूचनापत्रिकेतली चित्रं बघून अंदाजाने चालावं लागायचं. ज्यांना नको त्यांनी वाचू नये. ज्यांना हवं त्यांच्यापैकी काही जण शाळकरी आहेत, त्यांचे प्रश्न मला येतात, आणि ‘रेषा बुजवल्या म्हणजे आळस’ हे वाक्य त्यांच्याही वाचनात येतं. पुढचं विमान जोडताना त्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी पुस्तक उघडण्याऐवजी लोक काय म्हणतील याचा विचार करेल. तुमच्या प्रतिक्रियेतलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. म्हणून इतकं लांब लिहिलं.

खरं तर वाद घालण्यासारखी जागा त्या पंखावर आहे, तुम्ही ती सोडलीत. पुट्टी पुढच्या भागात होती. मागच्या भागाचं काय? तिथे लॅकर होतं, पण जोड पूर्ण भरलेले नव्हते, म्हणजे काही रेषा दिसायला हव्यात. आणि फ्लॅपच्या पुढे रिव्हेटांच्या ओळीही हव्यात. मी तिथे खाचा अर्ध्यापर्यंत भरल्या, वॉश अजिबात दिला नाही, फक्त तिरप्या उजेडात त्या जाणवाव्यात एवढंच ठेवलं. कोणी म्हणेल हे कमी झालं, कोणी म्हणेल जास्त. मागच्या जोडांचा जवळून घेतलेला त्या काळचा फोटो तुमच्याकडे असेल तर जरूर पाठवा, नाव लिहायचं नसेल तर लिहू नका. तो बघून मी उजव्या पंखाचा मागचा भाग पुन्हा घोटायला तयार आहे, पेपर अजून टेबलावरच आहे.