एफ/४ म्हणजे तिप्पट वेग? कशाच्या तुलनेत?

आकाशछायाचित्रणात नव्याने उतरणाऱ्यांना हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: ‘मोठं क्षेत्र टिपायचंय ना, मग एफ/४ची छोटी अपवर्तक दुर्बीण घ्या. एफ/७पेक्षा तिप्पट वेगवान, तीन रात्रींचं काम एका रात्रीत. काच एफपीएल-५३ असली की रंगदोष नाही, फ्लॅटनर लावला की कोपरे चोख, आणि फोकल लेंग्थ कमी म्हणून बाकी सगळं सोपं.’ (एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ, भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर, भागिले भिंगाचा व्यास; एफपीएल-५३ ही रंग कमी विखुरणारी काच; फ्लॅटनर म्हणजे वाकलेली प्रतिमा सपाट करणारं जोडभिंग.) यातल्या प्रत्येक वाक्यात थोडंफार तथ्य आहे, म्हणून तर हा सल्ला खपतो.

आधी तो तिप्पट वेग. ७ला ४ने भागून वर्ग केला की ३.०६ येतात, गणितात खोट नाही. पण हा आकडा तेजोमेघासारख्या पसरट वस्तूकडून एका पिक्सेलवर पडणाऱ्या प्रकाशाचा आहे. ६० मिमी व्यासाच्या एफ/४ दुर्बिणीची फोकल लेंग्थ २४० मिमी, आणि १०० मिमीच्या एफ/७ दुर्बिणीची ७०० मिमी. एखाद्या तेजोमेघाकडून येणारा प्रकाश गोळा करण्यात दुसरीच पुढे आहे, तीही जवळजवळ २.८ पट. पहिलीत तो कमी प्रकाश थोड्याच पिक्सेलांवर दाटतो, म्हणून पिक्सेल लवकर भरतात. ३.७६ मायक्रॉनच्या एका पिक्सेलमध्ये तिथे ३.२ विकला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला) आकाश मावतं, दुसरीत १.१ विकला. म्हणजे वेगाची किंमत बारकाव्यात मोजली. कंकणाकृती तेजोमेघ जेमतेम दीड कलेचा. छोट्या दुर्बिणीत तो पंचवीस-तीस पिक्सेलांचा ठिपका होतो. एक रात्र द्या नाहीतर दहा, ठिपका तेवढाच राहणार.

मग तिप्पट वेग खरा कधी? फोकल लेंग्थ तीच ठेवली तर. २४० मिमीचीच एफ/७ दुर्बीण म्हणजे ३४ मिमीचं भिंग. त्याच्यापुढे ६० मिमीचं भिंग निर्विवाद सरस. म्हणून आधी लक्ष्य पाहून फोकल लेंग्थ ठरवावी आणि एफचा आकडा नंतर बघावा. देवयानी दीर्घिका सुमारे ३ अंश लांब आहे. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद) सेन्सरवर ७०० मिमीला २.९ अंश रुंदी मिळते, २४० मिमीला ८.६ अंश. इथे छोटी दुर्बीण जिंकते ती तिच्या चौकटीमुळे.

शिवाय दिव्यांनी उजळलेल्या आकाशाचा प्रकाशही त्याच पिक्सेलवर त्याच तिप्पट दराने येतो. पार्श्वभूमी आणि तेजोमेघ यांच्यातला फरक एफच्या आकड्याने वाढत नाही.

काचेबद्दल थोडक्यात. एफपीएल-५३ उत्तम काच आहे, पण ती एका भिंगाची. जोडीला कोणती काच आहे, घासकाम कसं आहे, भिंगं दोन आहेत की तीन, हे त्या नावावरून कळत नाही. दोन भिंगांची रचना एफ/७ला निभावते, तीच एफ/४ला ताणली की तेजस्वी ताऱ्यांभोवती निळी-जांभळी वलयं उमटतात.

खरी गंमत कोपऱ्यांत आहे. फोकल लेंग्थ जितकी कमी, तितकं प्रतिमेचं प्रतल जास्त वाकलेलं असतं, त्यामुळे फ्लॅटनर लागतोच. तो नेमून दिलेल्या अंतरावरच काम करतो. अनेक फ्लॅटनरांना सेन्सर ५५ मिमीवर लागतो. वाटेत २ मिमी जाडीचा फिल्टर आला की त्या अंतरात जाडीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे ०.७ मिमी, भर घालावी लागते. हे एकदा जमवलं की जमलं. तिरकेपणा मात्र चिवट असतो. हिरव्या प्रकाशासाठी नेहमीच्या सूत्राने फोकसचा चालण्याजोगा पट्टा एफ/७ला सुमारे १३० मायक्रॉन भरतो, एफ/४ला फक्त ४३. सेन्सर एक दशांश अंशाने कलला, तर ३६ मिमी रुंदीत एका कडेपासून दुसरीपर्यंत ६३ मायक्रॉनांचा फरक पडतो. एफ/७ हा फरक पोटात घालते, एफ/४ला तो लगेच दिसतो. रात्र गार होत गेली, नळी आकसली की पुन्हा तेच: एफ/७वर एकदा जुळवलेला फोकस बराच वेळ टिकतो, एफ/४वर तो वारंवार तपासावा लागतो. मोटरचा फोकसर इथे चैन म्हणून घेत नाहीत.

ठरावीक रंगाचा अरुंद पट्टाच आत सोडणाऱ्या फिल्टरचंही असंच. एफ/४च्या शंकूतले कडेचे किरण सुमारे ७ अंशांनी तिरपे येतात आणि त्यांच्यासाठी ३ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश) फिल्टरचा पट्टा साधारण सव्वा नॅनोमीटर निळ्याकडे सरकतो. पट्ट्याची अर्धी रुंदीच मुळात दीड. वेगासाठी पैसे मोजायचे आणि त्यातला थोडा प्रकाश फिल्टरवर अडवायचा, असा हा व्यवहार. ६ किंवा ७ नॅनोमीटरच्या फिल्टरला तो फारसा जाणवत नाही.

‘सगळं सोपं’ यातलं गाइडिंग, म्हणजे दुर्बीण ताऱ्यामागे अचूक फिरवत ठेवणं, खरंच सोपं होतं, हे मान्य. ३ विकलांच्या पिक्सेलला माउंटची (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीची) विकला-दीड विकलेची चूक सहज खपते.

तेव्हा कोणी अशा दुर्बिणीचं कौतुक केलं, तर सजवलेलं चित्र बघू नका. न कापलेली, प्रक्रिया न केलेली एकच फ्रेम मागा आणि कोपरे पूर्ण मोठे करून पाहा, निळा चॅनेल वेगळा काढून. चारही कोपऱ्यांत तारे सारखेच लांबट असतील तर बहुधा फ्लॅटनरचं अंतर चुकलंय. ते दुरुस्त होतं. एकाच बाजूला बिघाड असेल तर कॅमेरा १८० अंश फिरवून दुसरी फ्रेम घ्यायला सांगा. चौकटीतला तोच कोपरा बिघडलेला राहिला तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूचा, समोरच्या कोपऱ्यात गेला तर दुर्बिणीचा. आणि थंड रात्री चौकटभर तेजस्वी तारे तिकोनी दिसत असतील, तर भिंग त्याच्या कड्यात आवळलं जातंय; अशी दुर्बीण घेऊ नये, घेतली असेल तर परत करावी.