‘सोडायचं तर आजच सोडा’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, मी मासे-मटण हळूहळू कसं सोडतेय त्या लेखाखालची तुमची कमेंट लांबलचक होती त्यामुळे उत्तरही लांबणार आहे, चालवून घ्या. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, दादा कळव्याचे आहेत आणि त्यांचं म्हणणं असं की हळूहळू शाकाहारी होणं वगैरे सगळी नाटकं, सोडायचं तर आजच्या आज सोडा नाहीतर गपचूप खा. मग प्रोटीन आणि बी १२ चं काय, हे आलंच. आणि सगळ्यात झोंबलेलं म्हणजे, सीकेपी, म्हणजे मासे-मटण खाणाऱ्या कायस्थ प्रभू घरातली बाई असं लिहायला लागली म्हणजे ठाण्यातल्या ‘ओन्ली व्हेज’ सोसायट्यांचीच री ओढतेय.

झोंबलेल्यापासूनच सुरू करते. मासे खातात म्हणून कुणाला फ्लॅट भाड्याने न देणं हा निव्वळ माज आहे, त्यात मी तुमच्याच बाजूची. १८५३ ला ठाण्यात रेल्वे आली त्याच्याही आधीपासून चेंदणीत कोळीवाडा आहे, काल टॉवरमध्ये राहायला आलेल्यांनी त्यांना वासावरून शिकवायला जाऊ नये. पण मी लिहिलं ते माझ्या ताटाबद्दल. शेजाऱ्याने काय खावं यावर त्या लेखात एक ओळ दाखवा. माझं कारण धर्माचं नाही, सोवळ्याचं तर त्याहून नाही. चिकनच्या दुकानातल्या त्या पिंजऱ्याकडे बघवेनासं झालं आणि मग विचार तिथेच थांबेना, इतकंच.

आता ‘आजच्या आज’. दादा, घरी स्वयंपाक तुम्ही करता का? टोमणा नाही मारत, खरंच विचारतेय. कारण पानावर बसणाऱ्याला हा सगळा निश्चयाचा मामला वाटतो, आणि ओट्याशी जी उभी असते तिला रविवारी बारा वाजता भुकेलेली माणसं दिसत असतात आणि कोलंबीच्या जागी काय हे तिला आधी ठरवावं लागतं. पनीर म्हणू नका. आमच्याकडे पनीर हे पाहुणे आले की करायचं काहीतरी आहे, रविवारची भूक त्याने भागत नाही. म्हणजे एकेका पदार्थाला त्याच वजनाचा दुसरा पदार्थ सापडेपर्यंत थांबावं लागतं आणि त्यातले निम्मे पदार्थ वर्षातून एकदाच मिळतात, मग घाई करून करणार काय.

शेवळांचंच घ्या, ही पावसाळी रानभाजी. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ताजी मासळी कमी, म्हणून मासे कमी करायला मी तोच मुहूर्त धरला, आणि नेमकी त्याच पहिल्या पावसात शेवळं येतात. जांभळी नाक्याला, स्टेशनच्या आसपास आदिवासी बायका जुड्या मांडून बसतात, सोबत काकडं म्हणजे छोटी आंबट फळं देतात, ती घ्यायचीच, नाहीतर रात्रभर घसा खाजवत बसाल. वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा भाग टाकून द्यायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडं उकडून त्यांचा रस गाळून घालायचा. आमच्यात यात कोलंबी किंवा खिमा पडतोच, त्याशिवाय शेवळं म्हणजे लग्नात नवरदेव नाही असं सासूबाईंचं मत. मी भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि नारळाचं दूध घातलं. ‘बरं झालंय, पण कोलंबी असती तर...’ म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्यात डाळीऐवजी सोललेले कडवे वाल घातले, तेव्हा त्यांनी वाटी पुढे केली. आता ही भाजी आजच्या आज कशी जमवायची होती ते तुम्हीच सांगा.

सुरमईच्या तुकडीचं काम सुरणावर भागलं. जाड काप, कोकमाचं आगळ घातलेल्या पाण्यात अर्धेकच्चे उकडायचे म्हणजे खाज जाते, मग आलं-लसूण-तिखट-हळद चोळून रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर मंद आचेवर. मासा नाही लागत, उगाच खोटं कशाला बोलू, पण डाळ-भाताबरोबर ताट भरल्यासारखं वाटतं.

मटण सुटलं ते कळलंही नाही, चिकनमध्ये तसंही आम्ही वाटणच खात होतो. मासे अडले. सुका जवळा अजून पूर्ण सुटलेला नाही, आणि हे तुम्ही ‘पकडलंत’ म्हणता ते मीच लेखात लिहिलं होतं ना?

प्रोटीनचा बाऊ जरा जास्तच होतो हो. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, हिशोब वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० च्या आसपास. १०० ग्रॅम कोरड्या डाळी-कडधान्यात २० ते २४ ग्रॅम, सोयाबीनच्या वड्यांत ५० च्या वर, आणि पोळ्या, दही, दूध, शेंगदाणे यांचं आपण धरतच नाही. पण वरणाच्या पाण्यात डाळ शोधावी लागत असेल तर मात्र तुमचं बरोबर, तसं शाकाहारी होऊ नये. उसळ वाटीभर घ्या, वर लिंबू पिळा म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा नको.

बी १२ वर मात्र वाद नाही, तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर. भाजीपाल्यात ते नसतंच, दूध-दही-अंड्यातून थोडंफार मिळतं. शरीरातला साठा बराच काळ पुरतो म्हणून सुरुवातीला कळत नाही, आणि मग हातापायाला मुंग्या, थकवा. रक्त तपासून घ्यायचं आणि डॉक्टर देतील ती गोळी घ्यायची, यात कमीपणा कसला. मी घेते. अंडंही खाते, तेव्हा मला ‘शुद्ध’ वगैरे म्हणूच नका, तो शब्द मला लागूही नाही आणि आवडतही नाही.

राहता राहिलं लेकाचं आणि भांड्यांचं, कारण ‘पोराला गवत खायला घालता का, आता भांडीही वेगळी केली असतील’ हेही तुम्ही विचारलंय. तो आजीबरोबर बाजारात जातो, बोंबील निवडून आणतो आणि तळून मीच देते. कढई एकच आहे.