कलम ४०३ आणि आजीचा अल्बम

अण्णा जिल्हा कोर्टात तेहतीस वर्षं कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातले जुने अल्बम स्कॅन करायला घेतले. काळ्या जाड पानांचे, फोटोंचे चारही कोपरे खाचेत अडकवलेले, मध्ये सळसळणारा बटरपेपर. दोन महिन्यांनी माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवून म्हणाले, "तुझी ती वेबसाइट आहे ना, तिच्यावर टाक. नागपूरच्या काकूने फोल्डर उघडलं की आतलं सगळं दिसलं पाहिजे. कपाट उघडल्यासारखं."

त्या वेबसाइटचं भाडं मी पाच वर्षं भरतोय आणि तिच्यावर 'लवकरच येत आहे' एवढंच लिहिलेलं आहे. म्हटलं, चला, काहीतरी आलं.

फोटो चढवले, पत्ता टाकला. पडद्यावर आलं : ४०३, फॉरबिडन.

अण्णांनी चष्मा वर केला. "चारशे तीन? मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार."

"अण्णा, ते दंडसंहितेतलं. हे सर्व्हरचं, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरचं. आत यायला मनाई."

"दंडसंहिता गेली. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आहे, तिथे हे कलम ३१४. पण डोक्यातले नंबर कोण बदलणार?"

वेबसाइटला जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर कोणीतरी आधी माझा दिवस छान जावो म्हणालं आणि मग सांगितलं, की फोल्डरमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल असेल तर सर्व्हर ते पान दाखवतो, नसेल तर आतल्या फायलींची यादी दाखवू शकतो. पण ही यादी आम्ही तुमच्याच सुरक्षिततेसाठी बंद ठेवली आहे. म्हणजे भाडं माझं, कपाट माझं, किल्ली त्यांच्याकडे, तीही माझ्या भल्यासाठी.

दरम्यान अण्णांनी स्वतः प्रयत्न केला. फोल्डरचं नाव मी पहिलं अक्षर मोठं ठेवून लिहिलं होतं, त्यांनी सगळं लहान लिपीत टाकलं. लिनक्सच्या सर्व्हरला लहान 'ए' आणि मोठा 'ए' ही दोन वेगळी माणसं वाटतात. आलं ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'.

"मयताच्या मालमत्तेचा अपहार," अण्णा हळूच म्हणाले आणि भिंतीवरच्या आजीच्या तसबिरीकडे बघितलं. मला उगाचच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं झालं.

उपाय एका ओळीचा होता. डॉट एचटीअॅक्सेस नावाची, सर्व्हरला सूचना देणारी फाइल करायची आणि तिच्यात 'ऑप्शन्स प्लस इंडेक्सेस' लिहायचं. फाइल केली, चढवली, तर गायब. नाव टिंबाने सुरू होत असल्यामुळे ती लपलेली असते. फाइल मॅनेजरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'लपलेल्या फायली दाखव' असं सांगावं लागतं. सांगितलं. दिसली, पण नोटपॅडने माझ्या नकळत शेवटी डॉट टीएक्सटी चिकटवलं होतं, त्यामुळे सर्व्हर तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. ते शेपूट कापलं.

आणि सगळी वेबसाइट कोसळली. पाच वर्षांचं 'लवकरच येत आहे'सुद्धा गेलं. पडद्यावर ५००, म्हणजे सर्व्हरच्याच पोटात गडबड.

"अब्रुनुकसानी," अण्णा म्हणाले. "जुन्या संहितेत दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही."

दीड तास गेला. शाळेत इंडेक्सचं अनेकवचन 'इंडायसेस' असं घोकून घेतलं होतं, तेच मी अभिमानाने लिहिलं होतं. सर्व्हर चालवणाऱ्या अपाचे नावाच्या प्रोग्रॅमला मात्र 'इंडेक्सेस'च लागतं. बाईंनी तेव्हा स्पेलिंगसाठी पट्टी मारली नसती, तर आज माझी संध्याकाळ वाचली असती.

दुरुस्त केलं आणि एकदाची यादी उघडली! पांढरं पान, निळ्या अक्षरांत एकाखाली एक नावं. अण्णा खुर्ची ओढून बसले. आजी-१. त्याखाली आजी-१०. मग आजी-११.

"हे काय? पहिलीनंतर एकदम दहावी? मधल्या इयत्ता?"

सर्व्हर आकडे वाचत नाही, अक्षरं वाचतो, हे मी समजावलं. ते त्यांना पटलं नाही. मलाही पटलेलं नव्हतं. 'व्हर्जनसॉर्ट' नावाची आणखी एक ओळ घातल्यावर दोन नंबरची आजी दुसरी आली.

मग त्यांची नजर सगळ्यात वर गेली. तिथे लिहिलं होतं 'पेरेंट डिरेक्टरी'. "अरे वा, आईवडिलांची वेगळी यादी केलीस?" म्हणत त्यांनी टिचकी मारली. एक मजला वर गेल्यावर आजोबा भेटले नाहीत. भेटलं 'बँक-कागद' नावाचं फोल्डर, त्यात त्यांच्या मुदतठेवींच्या पावत्या, मीच कधीतरी 'तात्पुरत्या' ठेवलेल्या. ती एक ओळ मी वरच्या मजल्यावर लिहिली होती, त्यामुळे खालची सगळी कपाटं जगासाठी सताड उघडी. पुढच्या चार मिनिटांत माझे हात जे चालले ते टायपिंगच्या परीक्षेतही चालले नव्हते. पावत्या उडवल्या, ओळ फक्त अल्बमच्या फोल्डरात नेली.

अण्णा या वेळी कुठलंच कलम बोलले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

रात्री काकूचा फोन आला, सगळं दिसतंय म्हणाली. मी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडून अण्णांना दाखवला. "बघा, प्रत्येक फोटोपुढे २००. म्हणजे सगळं व्यवस्थित."

त्यांनी यादीतला तारखेचा रकाना बोटाने दाखवला. आजीच्या लग्नाच्या फोटोपुढे कालची तारीख होती. सर्व्हरला फोटो काढल्याचा नाही, चढवल्याचा दिवस माहीत.

"दोनशे," अण्णा म्हणाले. "खोटं आहे हे माहीत असूनही प्रतिज्ञापन खरं म्हणून वापरणे."