सोमवारपासून सगळं एकदम नको

तंदुरुस्तीवरच्या एका लेखातला ‘सोमवारपासून साखर बंद, पहाटे पाचला व्यायाम आणि रोज दहा हजार पावलं’ हा सल्ला एकत्र पाळायला गेलं की बहुतेकांचं गाडं पहिल्याच आठवड्यात अडतं. सवय नसताना भरपूर उठाबशा काढल्या की अंग सर्वात जास्त दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि व्यायाम सुटतो तो तेव्हाच. सुरुवातीला ८-८ उठाबशांच्या दोनच फेऱ्या, एक दिवस आड. जेवणानंतर १० मिनिटं चाला; तेवढ्यानेही रक्तातली साखर कमी चढते. दहा हजारांचा आकडा तर १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, त्याचं दडपण कशाला घ्यायचं?

खाण्यात आधी काही बंद करू नका, भर घाला. नुसत्या पोह्यांत प्रथिनं कमी, म्हणून अकराला भूक लागते आणि बिस्किटांचा डबा उघडतो. पोहे निम्मे घ्या, जोडीला वाटीभर मोडाची मटकी किंवा दोन अंडी (साधारण १२ ग्रॅम प्रथिनं). वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी बघा. अंगातलं मीठ-पाणी कमी-जास्त झालं तरी ते दिवसात किलोभर हलतं. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, ठरलेलं तेवढंच करा.